सहा हातांचा बोल

थोरल्यानं आधी पाचच हात म्हटलं होतं. सहा त्याच्या तोंडून वदवले ते धाकटीनं.

तळं आटून त्याच्या तळाला पाय जातील एवढ्या भेगा पडल्या होत्या. पाऊस यायच्या आत गाळ उपसायचा म्हणून पाच टोळ्या लावल्या होत्या आणि दर टोळीला दोरीनं आखून एकेक चौक दिला होता. पहिल्या दिवशी म्होरक्यानं मोजणीदारापुढं, सगळ्या टोळ्यांच्या देखत, आपला बोल सांगायचा: वीस दिवसांत अमुक इतके हात खोल. चौकाच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा, डोक्यावरच्या गवतासकट. त्याला साक्षीदार म्हणायचे. विसाव्या दिवशी मोजणीदार येणार, साक्षीदाराच्या अंगाला काठी लावणार आणि किती खणलं ते सांगणार. ज्या टोळीचा बोल सगळ्यांत मोठा आणि खरा, तिला पुढं बांधाचं काम; बोल सारखे निघाले तर जी जास्त खोल गेली तिला. ते पावसातही चालायचं. म्हणजे चार महिने चुलीची काळजी मिटली.

दाढीवाल्याच्या टोळीनं पाच हात सांगितले. थोरला पुढं झाला, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “आमचेही पाच.”

मागून धाकटी बोलली, जरा मोठ्यानंच. “बरोबरीत बसायचं असेल तर पाच ठीक आहेत, भावजी. मला वाटलं, तुमचा बोल ऐकून दाढीवाले तोंडात बोट घालतील.”

दाढीवाला हसला. त्याची माणसं हसली. थोरल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“सहा,” तो म्हणाला. “वीस दिवसांत सहा हात.”

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणूस मुळात हलका असावा लागतो, आणि थोरला त्या बाबतीत निव्वळ कापूस होता. पाठ दरवाजाएवढी, पण कुणी फुंकर मारली की उडाला.

“वहिनी,” शेजारी उभा असलेला उंट पुटपुटला, “बोलायला तुमचं काय जातं? खणायचं आम्हाला आहे.”

“मीही आहेच की,” धाकटी म्हणाली आणि घमेलं उचललं.

टोळीत माणसं सात. थोरला आणि उंट टिकाव मारायचे. उंटाला उंट म्हणत, कारण त्याची मान लांब होती आणि तो एकदा बसला की उठायला वेळ लावायचा. जुळे भाऊ फावड्यानं भरून द्यायचे. एकाला हाक मारली तरी दोघंही वळायचे, म्हणून त्यांना एकच नाव पुरायचं. थोरल्याची बायको थोरली, धाकटी आणि मावशी वाहायच्या. मावशी कुणाचीच मावशी नव्हती. एकटी बाई, पन्नाशीची, गुडघे कुरकुरणारी, पण तोंड गोड.

गेल्या वर्षीपर्यंत सातवी जागा धाकटीच्या नवऱ्याची होती. थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ. तो टिकाव मारायला लागला की उंटालासुद्धा घाम पुसायला थांबावं लागायचं. पण गेल्या वर्षी काठी लावल्यावर मोजणीदाराला संशय आला. त्यानं साक्षीदाराच्या डोक्यावर फावडं मारलं, तर वरची वीतभर ढेप टोपीसारखी निघून आली आणि खाली साक्षीदाराचं खरं गवत दिसलं, चपटं आणि पिवळं पडलेलं. कुणीतरी दुसरीकडची गवताची ढेप आणून साक्षीदाराची उंची वाढवली होती. तळ्यावरचा दंड ठरलेला होता. ज्यानं ढेप लावली त्यानं ती डोक्यावर घ्यायची आणि तळ्याभोवती सगळ्या टोळ्यांपुढून चालायचं. लोक घमेली बडवतात. मग त्याचं नाव कापलं जातं, ते म्होरक्यानं पुढच्या वर्षी मागितलं तरच परत लागतं. टोळी मात्र राहते.

धाकटीचा नवरा चालला होता. ती तेव्हा माहेरी होती, आईच्या आजारपणात. परत आली तेव्हा गल्लीतली लेकरं तिच्या नवऱ्याला ढेपवाला म्हणत होती आणि तो घराच्या मागच्या पडवीत बसून टोळीसाठी पाट्या विणत होता. त्याच्या जागी कोण येणार, असं थोरल्यानं विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, मी येते. थोरल्याला वाटलं, बाई गरजू आहे. बाई गरजू होतीच. ढेप थोरल्यानंच लावली आणि भावावर ढकलली, हे तिच्या मनानं केव्हाच पक्कं केलं होतं. नवरा काहीच बोलत नव्हता, म्हणून तर तिची खात्री होती.

पहिले चार दिवस माती लोण्यासारखी निघाली. रोज सकाळी थोरला चौकाच्या भिंतीवर टिकावाच्या टोकानं आडवी रेघ मारायचा. “आज इथपर्यंत. रेघ गाठल्याशिवाय कुणी पाठ सरळ करायची नाही.” रेघ कुठं मारायची हे तो कुणाला विचारायचा नाही. आपल्या छातीकडं बघायचा आणि मारायचा. मावशीच्या गुडघ्यांकडं त्यानं कधी बघितलं नाही.

पाचव्या दिवशी पिवळी चिकणमाती लागली. टिकाव आत रुतला की बाहेर यायला तयार नाही. फावड्याला चिकटलेला गोळा जुळ्यांना हातानं खरवडावा लागे. घमेलं दुप्पट जड झालं. चुंबळीखाली धाकटीची टाळू सोलवटली, मान आखडली, संध्याकाळी पाणी प्यायला मान मागं टाकता येईना. सहाव्या दिवसाची रेघ गाठली गेली नाही. सातव्या दिवसाचीही नाही. भिंतीवर न गाठलेल्या रेघा एकाखाली एक दिसू लागल्या, आणि थोरला नवी मारताना जुन्यांकडं बघेनासा झाला.

“काय रे, खांदे उतरलेत का तुमचे?” तो जुळ्यांवर ओरडायचा. “बायकासुद्धा तुमच्यापेक्षा बऱ्या!”

“मग त्यांनाच फावडं द्या,” एक जुळा म्हणाला. थोरल्यानं ओल्या मातीचा गोळा उचलून त्याच्या तोंडावर मारला. जुळ्यानं डोळे पुसले आणि भरायला लागला. दुसऱ्यानंही डोळे पुसले, त्याला लागलं नव्हतं तरी.

धाकटीनं मात्र एक घमेलंही कमी वाहिलं नाही. उलट थोरलीच्या दोन खेपा होईतो तिच्या तीन व्हायच्या. उद्या कुणी म्हणायला नको की हिनं अंग चोरलं. थोरला तोंडावर आपटणार होता, पण स्वतःच्या बोलावरून आपटायला हवा होता, तिच्या पायात पाय अडकून नव्हे. ती वर चढायची, गाळ उलटा करायची, खाली उतरताना भिंतीवरच्या रेघा मोजायची आणि तिला बरं वाटायचं. इतकं बरं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी मावशीच्या तळपायात शिंपला घुसला. दुपारी चौकाच्या सावलीच्या बाजूला बसवून धाकटीनं तो काढला, पाण्यानं धुतला आणि फडकं फाडून बांधलं. मावशीचे डोळे भरून आले.

“तुम्ही नवरा-बायको दोघंही देवमाणसं,” मावशी म्हणाली. “तू माझा पाय धरतेस. त्यानं तर आम्हा सगळ्यांसाठी डोकं पुढं केलं.”

धाकटीचा गाठ मारणारा हात थांबला. “सगळ्यांसाठी म्हणजे?”

मावशीनं तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडला होता.

“सांगा.”

“तुला त्यानं सांगितलं नाही?”

“मावशी, सांगा. नाहीतर फडकं सोडते.”

मावशीनं इकडंतिकडं पाहिलं. उंट तोंडावर टोपी टाकून पसरला होता. थोरला आणि थोरली पलीकडं जेवत होते.

“सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं ग. बोल पाचाचा होता आणि वीतभर कमी पडत होतं. ढेप उंटानं कापली. जुळ्यांनी आणली. मी आडोसा केला, खोटं कशाला बोलू? आणि पकडलं गेलं तेव्हा मोजणीदार म्हणाला, एक नाव द्या, नाहीतर सगळी टोळी घरी. तेव्हा थोरला तुझ्या नवऱ्याला म्हणाला, तुला पोरंबाळं नाहीत, बायको माहेरी आहे, तू उचल. एक वर्ष कळ काढ, पुढच्या वर्षी तुला परत घेतो. आम्हीही म्हणालो, हो, घेऊ.”

“आणि यंदा?”

मावशीनं पायाकडं बघितलं. “यंदा थोरला म्हणाला, ढेपवाल्याला घेतलं तर टोळीची अब्रू जाते.”

“आणि तुम्ही?”

सगळ्यांनीच मूग गिळले होते, मावशीनंही गिळले होते. धाकटीनं गाठ मारली, जरा जास्तच करकचून, आणि उठली.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा ऊन अजून पडवीच्या कडेला होतं. नवरा काड्यांच्या ढिगात बसला होता. बोटांना चिरा पडलेल्या, नखं काळी. समोर टोळीच्या चार पाट्या तयार होत्या.

“सगळ्यांनी मिळून ढेप लावली होती म्हणे,” ती उभ्या उभ्याच म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. “कुणी सांगितलं?”

“म्हणजे खरं आहे.”

“सगळ्यांना पोटं होती,” तो म्हणाला.

“आणि तुमचं? तुमचं काय गाठोडं होतं, खुंटीला टांगून ठेवायला?”

“दादा म्हणाला होता, घेईन म्हणून.”

“मग मागं का नाही लागलात? त्याच्या दारात का नाही बसलात? एका घरात राहता दोघं!”

त्यानं काडी वाकवून पाटीत खोचली. मग म्हणाला, “रोज सकाळी टोळी निघते ना, तेव्हा मी दाराशी उभा असतो. टिकाव घासून ठेवलेला असतो. म्हटलं, हाक मारेल.”

“रोज?” ती टोळीच्या आधीच, अंधारात निघायची; तिनं हे कधी पाहिलं नव्हतं.

“रोज.”

धाकटी खाली बसली. तिला रडायला आलं नाही. इतके दिवस तिला एकच तोंड दिसत होतं, मिशीवरून बोट फिरवणारं. आता सात दिसत होती. उंटाचं हसरं, जुळ्यांची सारखी, मावशीचं गोड तोंडही. सात कसली, तिची जागा सोडली तर सहा. त्या सहा जणांनी रोज सकाळी तिच्या नवऱ्याला दाराशी टिकाव घेऊन उभा असलेला पाहिला होता आणि नमस्कार करून पुढं गेले होते.

“किती झालं?” नवऱ्यानं विचारलं.

“तीन हात. खाली मुरूम लागेलसं दिसतंय.”

“मग वीतभर कमी पडणार,” तो म्हणाला. कामातला माणूस होता, त्याला न बघता कळायचं. “यंदाही ढेप लागणार.”

“लागू दे,” ती म्हणाली. “मीच आणून देईन.”

त्यानं आता वर बघितलं. ती काय करणार आहे ते त्यानं विचारलं नाही, आणि करू नकोस असंही म्हणाला नाही. नवी काडी घेतली आणि पाटीत ओवली.

दहावा दिवस महत्त्वाचा असायचा. बोल उतरवायचा असेल तर दहाव्या दिवसापर्यंत उतरवता यायचा. मोजणीदार दुपारी बांधावरून फेरी मारायचा आणि विचारायचा. सकाळीच उंटानं टिकाव टेकवला.

“थोरले, मी काय म्हणतो. पाचावर येऊ. साडेपाच नक्की होतात, म्हणजे पाचाच्या वरच. दाढीवाल्याला खाली कातळ लागलाय, तो पाचावर अडकणार. बांध आपलाच.”

“त्याच्यापुढं जाऊन म्हणू, झेपत नाही म्हणून?”

“झेपत नाही तर नाही! त्यात काय मेलं?”

जुळ्यांनी माना हलवल्या. मावशी आशेनं बघू लागली. थोरलीसुद्धा नवऱ्याला म्हणाली, “अहो, ऐका त्याचं.” थोरल्यानं टिकाव खाली ठेवला. त्याचे हात फोडांनी भरले होते, आणि क्षणभर त्याचा चेहरा थकलेल्या माणसाचा, शहाण्या माणसाचा झाला. आता हो म्हणेल, असं धाकटीला दिसलं. सहा माणसांचे चार महिने त्या हो-मध्ये होते. तिचेही होते.

“उतरवा की, भावजी,” ती घमेलं डोक्यावर घेत म्हणाली. “दाढीवाल्यानं कालच पाणवठ्यावर सांगितलं होतं, दहाव्या दिवशी हे मिशी खाली करणार. त्याचा शब्द तरी खरा होईल.”

“असं म्हणाला?”

“हसत होता.”

दाढीवाला असलं काही म्हणाला नव्हता. त्याला पाणवठ्यावर तिनं बघितलंही नव्हतं. थोरल्यानं टिकाव उचलला आणि दुपारी मोजणीदार आला तेव्हा भिंतीवर हात आपटून ओरडला, “सहाचे सहा! आमच्यात बोल फिरवत नाहीत!” बांधावर दाढीवाला नुसताच उभा होता, तोंड बंद ठेवून. धाकटी वळली आणि घमेल्यात गाळ भरून घ्यायला वाकली.

पुढचे दिवस वाईट गेले. मुरूम लागला. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि चिमूटभर सुटायचं. एका जुळ्याच्या अंगठ्याचं नख निघालं. उंटाची थट्टा बंद झाली. थोरली घमेलं घेऊन चढताना दोनदा घसरली, दुसऱ्यांदा तोंडावर पडली आणि थोरल्यानं तिला सगळ्यांदेखत विचारलं, “डोळे घरी ठेवून आलीस का?” तिनं तोंडातली माती थुंकली, आणि तिला धाकटीनं हात दिला. हात देताना धाकटीला तिची दयाही आली. दया आणि राग एका पोटात सुखानं राहतात, हे तिला त्या आठवड्यात कळलं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी थोरल्यानं काठी लावून पाहिली. साडेपाच. बरोबर वीतभर कमी. उंटाकडं बघून तो म्हणाला, “आज जेवायला सगळे साक्षीदाराभोवती बसू.”

कुणी का म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मान खाली घालून सगळे जागा शोधू लागले.

“ढेप कोण आणेल?” थोरली कुजबुजली.

“मी आणते,” धाकटी म्हणाली. “मी वाहणारी बाई, माझ्याकडं कोण बघतंय?”

थोरल्याला इतकं हायसं वाटलं की तो तिला पहिल्यांदाच “पोरी” म्हणाला. उंट वर गेला आणि काठावरच्या गवताळ कोपऱ्यात ढेप कापली. धाकटीनं ती घमेल्यात घेतली, वर शिदोरीचं फडकं झाकलं आणि खाली उतरली. खणताना साक्षीदाराच्या एका अंगाला ठेवलेल्या पायरीवर थोरला चढला. बाकीचे भोवती गोल उभे राहून हात झाडत, भांडी उघडत, मोठमोठ्यानं बोलत राहिले. जुळे उगाच हसले. थोरल्यानं ढेप बसवली, थोरलीनं तांब्यातलं पाणी सांध्यावर शिंपडलं, मावशीनं ओल्या मातीनं फट लिंपली. लिंपलं मात्र छान. मग सगळे बसले आणि जेवले. बाकीच्यांच्या भाकऱ्या अर्ध्याच राहिल्या. धाकटी मात्र पोटभर जेवली.

विसाव्या दिवशी मोजणीदार सकाळी आला. बुटका, खोकणारा माणूस, काठी त्याच्यापेक्षा उंच. आधी दाढीवाल्याचा चौक झाला: पाच. मग दोन टोळ्या चारावर, एक साडेचारावर. सगळा लोंढा बांधावरून थोरल्याच्या चौकाकडं आला आणि काठावर उभा राहिला. मोजणीदारानं साक्षीदाराला काठी लावली, अंगठा सरकवत वर गेला.

“सहा,” तो म्हणाला.

काठावर कुजबुज झाली. दाढीवाल्यानं दाढी खाजवली. थोरल्याची छाती फुगली. उंटानं डोळे मिटून श्वास सोडला.

धाकटीनं जुळ्याच्या हातातलं फावडं घेतलं. घेतलं म्हणजे ओढलंच, तो बावळटासारखा बघत राहिला. ती पायरी चढली आणि आडव्या हातानं एक घाव घातला. ढेप उडाली आणि मोजणीदाराच्या पायाशी पडली. खाली साक्षीदाराचं खरं डोकं उघडं पडलं, वीस दिवसांच्या उन्हानं जळलेलं गवत.

“आता मोजा,” ती म्हणाली.

मोजणीदारानं मोजलं. खोकला. “साडेपाच.” मग थोरल्याकडं बघून कंटाळल्यासारखा म्हणाला, “अरे बाबा, पाच म्हणाला असतास किंवा दहाव्या दिवशी पाचावर आला असतास, तर बांध तुझा होता.”

थोरल्याचा रंग उडाला. पण तो म्होरक्या होता. त्याला सवय होती.

“हिनं आणली ढेप!” तो ओरडला. “हिच्याच घमेल्यातून आली! नवरा तसला, बायकोही तसलीच!”

“आणली,” धाकटी म्हणाली. काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “ती मीच आणली. उंटानं कापली. जुळे आडोसा करून हसत होते. तुम्ही बसवली, जाऊबाईंनी पाणी मारलं, मावशीनं लिंपलं. गेल्या वर्षीही अशीच लावली होती, सगळ्यांनी मिळून. तेव्हा नाव एकाचं दिलंत.” ती मोजणीदाराकडं वळली. “खोटं असेल तर यांच्यातला कुणीही सांगू दे.”

उंटानं आपली लांब मान खाली घातली. मावशी रडायला लागली आणि रडत रडत म्हणाली, “खरंय.” जुळे एकमेकांकडं बघत राहिले.

मोजणीदारानं कपाळ चोळलं. “मला एक नाव द्या.”

“सात आहेत,” धाकटी म्हणाली.

“सात नावं कापली तर उरलेला गाळ कोण काढेल? तुझा बाप?”

“मग एकही कापू नका. आणि गेल्या वर्षी कापलंत ते परत लावा. ढेप लावणारे सात जण राहतात, तर आठव्यानं काय घोडं मारलंय?”

काठावर कुणीतरी मोठ्यानं हसलं. मोजणीदाराला घाई होती. पाऊस यायला फार दिवस नव्हते. “बरं,” तो म्हणाला. “बांध दाढीवाल्याला. तुम्ही इथंच राहून राहिलेला गाळ काढा, आठही जण. पण ढेप तळ्याभोवती फिरणार. तो दंड मला मोडता येत नाही.”

धाकटीनं फावड्याच्या धारेनं ढेप फोडली. सात तुकडे. सारखेच करायचा तिनं प्रयत्न केला, पण एक मोठा झाला. तो तिनं स्वतःच्या हातानं थोरल्यापुढं धरला.

“चुंबळ घेऊ का?” मावशीनं विचारलं.

“नाही,” धाकटी म्हणाली.

ते निघाले. पुढं थोरला, मागं थोरली, उंट, जुळे, मावशी आणि शेवटी धाकटी. घमेली वाजू लागली. दाढीवाल्याच्या टोळीपुढं आले तेव्हा तिथल्या बायका हसून हसून वाकल्या. मातीचा ओघळ धाकटीच्या कपाळावरून डोळ्यात गेला, तो तिनं पुसला नाही. पुढं सहा डोकी चालताना दिसत होती आणि तिला ती गोड लागत होती. चार महिन्यांचं काम गेलं होतं. घरात सासू काय म्हणेल, जाऊ पुन्हा बोलेल का, हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि तरीही गोड लागत होतं.

दुसरी टोळी मागं पडली, आणि पुढं बांधावर तिचा नवरा उभा होता. घमेल्यांचा आवाज ऐकून आला असणार. हातात अर्धी विणलेली पाटी होती, ती ठेवायचंही भान राहिलं नव्हतं.

थोरला त्याच्यासमोर थांबला. सगळी रांग थांबली. घमेलीही हळूहळू थांबली.

“उद्यापासून कामावर ये,” थोरला जमिनीकडं बघत म्हणाला.

“मोठ्यानं बोला, भावजी,” मागून धाकटी म्हणाली.

थोरल्यानं मान वर केली. “उद्यापासून कामावर ये. गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून केलं होतं. तुझ्या एकट्याच्या डोक्यावर दिलं.” मग आवाज उतरला आणि तो नुसता भावाचा आवाज राहिला. “बास ना रे आता?”

त्यानं मान जरा पुढं वाकवली, ढेप उतरवून घे म्हणून. आपला नवरा धाकटीला माहीत होता. आजवर तो प्रत्येक वेळी विरघळला होता.

नवऱ्यानं पाटी खाली ठेवली. हात वर केला आणि भावाच्या डोक्यावरची ढेप धरली. ती एका बाजूला घसरली होती. त्यानं ती नीट मध्यावर सरकवली आणि हलणार नाही अशी दाबून बसवली.

“येतो,” तो म्हणाला. “पण आधी पुढं चल. अजून दोन टोळ्या राहिल्यात.”